कैद्यांचा मक्ता: एका अपवादाची कुळकथा

१८२५ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा फ्रँकफर्टचा तुरुंग तोट्यात होता आणि सरकारची तिजोरी कोरडी पडली होती. तेव्हा जोएल स्कॉट या व्यापाऱ्याने तोड सुचवली. वर्षाला १,००० डॉलर सरकारला द्यायचे, पाच वर्षं तुरुंग आपण चालवायचा आणि कैद्यांच्या श्रमाचा नफा आपण ठेवायचा. सरकारने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तुरुंग मक्त्याने देऊन टाकला.

कैद्यांकडून काम करून घेणं त्या काळी नवं नव्हतं. न्यूयॉर्कच्या ऑबर्न तुरुंगात कंत्राटदार कैद्यांकडून माल तयार करून घेत. पण तिथे किल्ल्या सरकारच्याच कमरेला असत. केंटकीत त्या मक्तेदाराकडे गेल्या. अन्न किती द्यायचं, काम किती तास, चाबूक कधी उचलायचा, हे ज्याच्या नफ्या-तोट्याचा प्रश्न तोच ठरवू लागला. १८४४ साली लुइझियानाने आणि १८४६ साली अलाबामाने हाच कित्ता गिरवला.

तरीही यादवी युद्धापूर्वी दक्षिणेत हा मक्ता किरकोळच राहिला. तिथले कृष्णवर्णीय बहुतांशी गुलाम होते आणि गुलामाला शिक्षा मळ्यावरच होई. त्याला तुरुंगात धाडलं तर मालकाचंच नुकसान. खरा बाजार उभा राहिला तो गुलामगिरी संपल्यावर, आणि त्याची चावी गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्यातच होती.

डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर झाली. गुलामगिरी आणि वेठबिगारी या देशात असणार नाही, असं ती सांगते. मात्र मध्येच एक अपवाद येतो: रीतसर दोषी ठरलेल्या माणसाला गुन्ह्याची शिक्षा म्हणून दिली असेल, तर ती चालेल. हा अपवाद नवा नव्हता. ओहायो नदीपलीकडच्या प्रदेशासाठी १७८७ साली केलेल्या कायद्यात तो होता आणि तिथून जवळपास तसाच उचलला गेला. पण १८६५ साली सुमारे चाळीस लाख माणसं नुकतीच मुक्त झाली होती, मळे ओस पडले होते, रेल्वे उखडली गेली होती. मजूर हवे होते आणि मजुरी द्यायला पैसा नव्हता. अशा वेळी प्रश्न एवढाच होता की दोषी कोणाला ठरवायचं.

दक्षिणेतल्या विधिमंडळांनी उत्तर शोधायला वेळ लावला नाही. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनाने १८६५ सालीच ‘काळे कायदे’ केले. कामाचा करार दाखवता न येणं म्हणजे भटकेगिरी, मुदतीआधी मालकाचं काम सोडणं म्हणजे गुन्हा. ते कायदे केंद्राने हाणून पाडले, तेव्हा त्यांच्या जागी वरकरणी वर्णाचा उल्लेख नसलेले कायदे आले. मिसिसिपीने १८७६ साली गुराढोरांची किंवा दहा डॉलरवरची कोणतीही चोरी मोठा गुन्हा ठरवली आणि पाच वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली. लोक त्याला ‘डुकराचा कायदा’ म्हणत. थोड्याच वर्षांत त्या राज्यातले कैदी जवळपास चौपट झाले. गुन्हे चौपट झाले नव्हते.

जॉर्जियात पहिला सौदा १८६८ साली झाला: १०० कैदी, एक वर्ष, २,५०० डॉलर, रेल्वेच्या कामासाठी. वर्ष संपेपर्यंत त्यांतले १६ मेले. हा आकडा पाहून सौदा थांबला नाही, वाढला. १८७६ साली राज्याने सगळेच कैदी तीन कंपन्यांना वीस वर्षांच्या कराराने देण्याचा कायदा केला, वर्षाला २५,००० डॉलरच्या बदल्यात. मक्तेदारांत राज्याचे माजी गव्हर्नर जोसेफ ब्राउनही होते. कायदे करणारे आणि कैदी उचलणारे एकाच पंगतीत बसू लागले.

याच काळात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेत कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केली. ती कृतज्ञता अस्थानी नव्हती. माणूस विकण्याचा हक्क अमेरिकेत खरोखरच कायद्याने संपला होता. पण जॉर्जियात तोवर पाच वर्षं तोच माणूस भाड्याने मिळत होता.

विकत आणि भाड्याने यांतला फरक हाच या व्यवस्थेचा गाभा. गुलाम ही मालकाची गुंतवणूक होती, तो मेला तर शेकडो डॉलर बुडत. मक्त्याचा कैदी मेला तर दुसरा मागवायचा. भाडं तेवढंच. त्यामुळे दवापाणी, निवारा, पोटभर अन्न यांवरचा खर्च मक्तेदाराच्या हिशेबात निव्वळ तोटा ठरला.

अलाबामात ही साखळी कोर्टापर्यंत पोचली होती. शेरिफ आणि कारकुनांना पगाराऐवजी बहुधा दर खटल्यामागे फी मिळे आणि ती आरोपीकडून वसूल होई. पैसे नसतील तर ते फेडण्यासाठी कामाचे दिवस वाढत. १९०८ साली शेल्बी काउंटीत ग्रीन कॉटनहॅम या २२ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला भटकेगिरीबद्दल ३० दिवस सक्तमजुरीची शिक्षा झाली. कोर्टाची फी धरून ती जवळपास वर्षाची झाली. काउंटीने त्याला महिना १२ डॉलरवर टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड कंपनीच्या कोळशाच्या खाणीत धाडलं. ती कंपनी आदल्याच वर्षी यू. एस. स्टीलने विकत घेतली होती. काही महिन्यांत तो मेला. पत्रकार डग्लस ब्लॅकमन यांनी २००८ साली या व्यवस्थेवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं ते त्याच्याच गोष्टीपासून सुरू होतं.

एका माणसाला उचललं की त्याच्या घरातला कमावता हात जाई, हे उघडच होतं. पण दहशत सगळ्या वस्तीवर बसे. मजुरी कमी म्हणून मळा सोडावा तर वाटेत भटकेगिरीचा आरोप. दुसऱ्या गावी काम शोधायला रुळाच्या कडेने निघावं तरी तोच आरोप. म्हणून माणसं मिळेल त्या मजुरीवर, आहे त्याच मालकाकडे राहत. खाणीत थोडे कैदी गेले तरी मळ्यावरचे पुष्कळ मजूर गप्प बसत.

झळ मोकळ्या मजुरांनाही लागली. १८९१ साली टेनेसीतल्या ब्राइसव्हिल इथे खाणकामगारांनी मालकाच्या जाचक करारावर सही करायला नकार दिला. मालकाने त्यांना काढून मक्त्याचे कैदी आणले. १४ जुलैच्या रात्री सुमारे तीनशे सशस्त्र कामगार कैद्यांच्या कोंडवाड्यावर चालून गेले. त्यांनी रक्तपात केला नाही. पहारेकरी आणि कैदी यांना एकत्र आगगाडीत बसवलं आणि नॉक्सव्हिलला परत पाठवून दिलं. गव्हर्नरने फौज धाडून कैदी परत आणले. ऑक्टोबरअखेर कामगारांनी कोंडवाडे जाळले आणि शेकडो कैदी मोकळे सोडले. कैदी हाताशी असले की मोकळे मजूर संपाला धजत नाहीत, हे मक्तेदार कंपनीच्या वकिलाने पुढे उघड सांगितलं. कैद्यांचा उपयोग कोळसा काढण्यापुरता नव्हता.

१८९२ मध्ये उठाव चिरडला गेला, पण फौजेवरचा खर्च मक्त्याच्या उत्पन्नाला भारी पडू लागला. १८९६ साली टेनेसीने मक्ता बंद केला. राज्याने ब्रशी माउंटनला नवा तुरुंग बांधला आणि कैद्यांकरवी तिथली खाण स्वतःच चालवली. मालक बदलला, काम तेच.

इतर राज्यांना ही सवय सोडवेना, कारण तिजोरीला चटक लागली होती. १८९८ साली अलाबामाच्या महसुलात मक्त्याचा वाटा सुमारे ७३ टक्के होता. १९११ साली तिथल्या बॅनर खाणीत स्फोट होऊन १२८ माणसं मेली. बहुतेक कैदी होते आणि त्यांतले पुष्कळ किरकोळ गुन्ह्यांसाठी आलेले. तरी मक्ता आणखी सतरा वर्षं चालला.

फ्लोरिडात तो थांबला तो एका गोऱ्या मुलामुळे. नॉर्थ डाकोटाचा २२ वर्षांचा मार्टिन टॅबर्ट १९२१ साली तिकिटाशिवाय मालगाडीतून जाताना पकडला गेला. दंड २५ डॉलर. घरच्यांनी पैसे पाठवले, पण तोवर तो लाकूड-कंपनीच्या छावणीत पोचला होता. शेरिफला दर कैद्यामागे २० डॉलर मिळत. फेब्रुवारी १९२२ मध्ये चाबकाच्या माराने तो मेला. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ने प्रकरण लावून धरलं आणि १९२३ साली फ्लोरिडाने काउंटींचा मक्ता आणि फटके दोन्ही बंद केले. तोवर हजारो कृष्णवर्णीय असेच मेले होते, त्यांच्यासाठी कोणत्या विधिमंडळाने घाई केली नव्हती. शेवटचं राज्य अलाबामा. तिथे १९२८ साली मक्ता संपला.

पुढचे कायदे कारखानदार आणि कामगार संघटना यांच्या दबावातून आले. १९३५ च्या कायद्याने तुरुंगातला माल राज्याबाहेर नेण्यावर बंधनं घातली. शेतमालाला ही बंधनं नाहीत. १९७९ साली दार पुन्हा किलकिलं झालं. खासगी कंपन्यांना कैदी घेता येतील, पण स्थानिक दराने मजुरी द्यायची, कामगार संघटनांचं मत घ्यायचं, बाहेरच्यांच्या नोकऱ्यांना धक्का लावायचा नाही. या मजुरीतून कर, राहण्या-जेवणाचा खर्च वगैरे मिळून ८० टक्क्यांपर्यंत कापून घेता येतं. अटींत ब्राइसव्हिलचा धडा आहे. शेल्बी काउंटीचा नाही. कैद्याच्या कामातून ज्याला पैसा मिळतो त्याने कोण आत राहील हे ठरवू नये, अशी अट त्यांत कुठेच नाही.

मतदारांनी २०२२ साली अलाबामाच्या राज्यघटनेतून गुन्ह्याच्या शिक्षेचा तो अपवाद काढून टाकला. केंद्राच्या घटनेत तो अजून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अलाबामातल्या कैद्यांनी राज्याविरुद्ध दावा लावला. आम्हाला बाहेरच्या कंपन्यांत राबवलं जातं, मजुरीतले ४० टक्के राज्य कापून घेतं आणि हे उत्पन्न बुडू नये म्हणून पॅरोल नाकारला जातो, असं त्यांचं म्हणणं आहे. राज्याला हे मान्य नाही. या दाव्यात फिर्यादी म्हणून कैद्यांच्या बरोबरीने कामगार संघटना उभ्या राहिल्या. १८९१ साली कामगारांनी कैद्यांना गाडीत बसवून परत पाठवलं होतं. आपली मजुरी आणि त्यांची कैद एकाच हिशेबात मांडली जाते, हे या वेळी त्यांनी कोर्टात लिहून दिलं आहे.