मिठाला जागलेली खाण

आमच्या कुरुंदवाडच्या घरात जेवताना मीठ सांडलं की नानी रागवायची. "खाल्ल्या मिठाला जागावं पोरा, ते पायदळी येऊ देऊ नये," असं म्हणायची. तिचं माहेर रुकडी. तिथून जवळच, वळिवड्याला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. नानीचे थोरले भाऊ तिथं अंडी आणि भाजी विकायला जायचे. त्या गोऱ्या बायका-पोरांच्या गोष्टी मी लहानपणी पुष्कळ ऐकल्या. पोलंड कुठं आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं.

माझा भाचा आता पोलंडमधल्या क्राको शहरात नोकरीला आहे. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा एके सकाळी तो म्हणाला, "मामू, चला, मिठाची खाण दाखवतो."

आपल्याला मीठ म्हटलं की समुद्रकाठची मिठागरं आठवतात. क्राकोजवळच्या व्हिएलिच्का गावात मात्र मीठ जमिनीच्या पोटात आहे. एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं ते मीठ, खडकासारखं कठीण आणि करड्या रंगाचं. साडेतीनशेहून अधिक लाकडी पायऱ्या उतरून आम्ही ६४ मीटर खोल पोचलो. भिंत, छत, जमीन, सगळं मिठाचं! आधी विश्वास बसेना. भाच्याची नजर चुकवून मी भिंतीला बोट लावलं आणि चाखून पाहिलं.

तेराव्या शतकापासून इथं खोदाई झाली. खाण ३२७ मीटर खोल गेली, नऊ मजल्यांची झाली, आणि तिच्या वाटा दोनशे किलोमीटरच्याही पुढे गेल्या. चौदाव्या शतकात, कॅझिमिर राजाच्या काळी, राज्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा मिठातून येई. १३६८ मध्ये त्यानं मिठाच्या कारभारासाठी कायदाही केला.

ही श्रीमंती कुणाच्या जिवावर उभी होती, ते खाली उतरल्यावर कळतं. खाणीत मिथेन वायू साचायचा. तो साठून भडका उडू नये म्हणून काही कामगार लांब काठीला पेटता पलिता बांधून पुढे सरपटत जात आणि थोडा थोडा वायू जाळून टाकत. मिठाचे ठोकळे ओढायला घोडे होते. कित्येक घोडे वर्षानुवर्षं खालीच राहिले. शेवटची घोडी २००२ मध्ये वर आली.

रोज मरणाशी गाठ असलेल्या या माणसांनी खालीच प्रार्थनामंदिरं कोरली. त्यांतलं संत किंगाचं मंदिर १०१ मीटर खोल आहे. त्याचं काम १८९६ मध्ये सुरू झालं आणि पुढे जवळजवळ सत्तर वर्षं चाललं. कोरणारे प्रामुख्यानं तिघे, तिघेही खाणकामगार. वरच्या झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाच्या स्फटिकांचे. खाणीतली मिठाची काढणी १९९६ मध्ये थांबली. त्याआधी, १९७८ मध्येच, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या पहिल्या बारा स्थळांत तिचा समावेश झाला होता.

पण याच खाणीत १९४४ मध्ये जर्मनांनी ज्यू कैद्यांना विमानांच्या भागांच्या कारखान्यासाठी वेठीला धरलं होतं. हे ऐकलं आणि झुंबरांकडे बघवेना. त्या कैद्यांसाठी आणि त्या पलितेवाल्यांसाठी दुआ मागायला माझे हात आपोआप वर झाले.

मग १९४४ हा आकडा डोक्यात घोळू लागला. त्याच वर्षी आमच्या वळिवड्यात पोलिश मुलं शाळेत जात होती! १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून हजारो कुटुंबं सायबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे हाकलली. त्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, वळिवड्याला राहिले. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ते गेल्यावर तिथं फाळणीत घर गमावलेले सिंधी बांधव आले, आणि आजचं गांधीनगर वसलं. एक विस्थापित उठला, दुसरा बसला.

पोलिश माणसं हे विसरली नाहीत. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. छावणीतली मुलं म्हातारपणी कोल्हापूरला येऊन गेली, आणि महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ उभा राहिला. त्या स्तंभाजवळ बसून आपण भेळ खातो, वर काय लिहिलंय ते मात्र वाचत नाही.

आपल्याकडे नागपूरजवळ सावनेरला कोळशाची खाण पर्यटकांना दाखवण्याचा उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. चांगलंच आहे. फक्त तिथं जाणाऱ्याला कोळशाबरोबर कोळसा काढणारा माणूसही दिसावा.

खाणीबाहेरच्या दुकानातून मी मिठाचा एक खडा आणला. घरी पुतण्यानं तो हातात घेऊन विचारलं, "चाचा, हा कुठला?" मी त्याला मोटारसायकल काढायला सांगितली. म्हटलं, "आधी वळिवड्याला जाऊ. तिथं सांगतो."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)