दुखणे संपले, हे कोणी ठरवायचे?

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे डॉक्टर सांगतात. रुग्णही तसेच म्हणेल का? मूळव्याधीच्या उपचारांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो असे आम्हाला वाटते.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या आपल्या सर्वांनाच असतात. त्या सुजून खाली घसरल्या, की मूळव्याध होते. सुश्रुतसंहितेत तिच्यावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय दिले आहेत. १९३७ साली लंडनच्या मिलिगन आणि मॉर्गन या शल्यविशारदांनी कोंब कापून काढण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे. तिच्यानंतर दुखणे सहसा उलटत नाही. पण जखम उघडी राहते आणि शौचाच्या वेळी कित्येक दिवस तीव्र वेदना होतात.

१९६० साली पहिला लेसर तयार झाला. १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर शोधणारे कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. पुढे हा लेसर कोंब कापण्यासाठीही वापरला गेला. आजच्या पद्धतीत मात्र कापत नाहीत. बारीक तंतूतून अवरक्त प्रकाश कोंबाच्या आत सोडतात. उष्णतेने कोंब आकसतो. मोठी जखम नसल्याने वेदना कमी होतात आणि माणूस लवकर कामाला लागतो. मात्र दुखणे उलटण्याचे प्रमाण कापण्याच्या पद्धतीपेक्षा जास्त असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे.

मग रुग्णाचे समाधान कधी मोजायचे? पहिल्या आठवड्यात की दोन वर्षांनी? लेसरपूर्वी स्टेपल पद्धतीचा असाच गाजावाजा झाला होता. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर तिची तुलना जुन्या पद्धतीशी केली गेली. २०१६ साली निष्कर्ष आले. सुरुवातीला नव्या पद्धतीत वेदना कमी होत्या; दोन वर्षांचा हिशेब केला तेव्हा जुनी पद्धत सरस ठरली.

दुसरा प्रश्न असा, की विचारायचे कोणाला? रुग्णालयात आलेल्यांनाच विचारले, तर न आलेले हिशेबातून सुटतात. याचा धडा गडचिरोलीने जगाला दिला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये अहवाल आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण पूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. मूळव्याधही अशीच लाजेने झाकली जाणारी व्याधी आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकावे लागते. तेंदूपत्त्याचा हंगाम थोड्याच दिवसांचा. तो हुकला की वर्षाची रोकड हुकते. येथे 'बरे होणे' म्हणजे पुन्हा वाकता येणे, मजुरी न बुडणे, आणि दोन वर्षांनी तेच दुखणे न उलटणे. लेसरची कसोटी या तिन्हींवर लागायला हवी.

पचनसंस्थेचा पाठ शिकवताना शिक्षकांनी एवढे जरूर सांगावे: चोथायुक्त आहार आणि भरपूर पाणी यांनी बरीचशी मूळव्याध शस्त्रक्रियेविना आटोक्यात राहते, आणि शौचावाटे रक्त जात असेल, तर ते न लपवता डॉक्टरांना दाखवावे, कारण रक्तस्राव दर वेळी मूळव्याधीचाच असतो असे नाही. वर्गात हा शब्द न लाजता उच्चारला गेला, तर घरीही तो उच्चारणे सोपे जाईल.