पश्चिमेचा बिब्बा

हार्बरफ्रंटला खारवलेल्या काजूच्या पाकिटावर मलय भाषेत 'गाजुस' लिहिलेलं असतं. हा 'गाजुस' आणि आपला 'काजू' दोन्ही पोर्तुगिजांकडून आले. त्यांनी तो शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांकडून उचलला. झाडही तिथलंच. सोळाव्या शतकात ते गोव्यात आलं आणि कोकणभर पसरलं.

पण मंडळी, खरी गंमत शास्त्रीय नावात आहे. लिनियसने १७५३ साली काजूला 'अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले' म्हटलं. युरोपातले औषधवाले त्याआधी 'अ‍ॅनाकार्डियम' म्हणत ते चक्क आपल्या बिब्ब्याला! म्हणजे काजू झाला पश्चिमेचा बिब्बा. दोघं एकाच कुळातले, आंबाही त्यातलाच. दोघांचंही बी बोंडाच्या टोकाला बाहेर येतं, टरफलात कातडी भाजणारं तेल. डिंकाच्या लाडवात पडते ती गोडंबी म्हणजे बिब्ब्याचा गर, रानातून वेचून आणलेला.

काजूचे सख्खे भाऊ मात्र तिकडेच राहिले: अ‍ॅमेझॉनमध्ये उंच वृक्ष, सेराडोच्या माळावर बुटकं झुडूप. आपल्याकडे आली ती एकच जात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तिच्यातूनच वाण काढले. १९८१ चा 'वेंगुर्ला-४' हा 'मिदनापूर रेड' आणि 'वेतोरे-५६' यांचा संकर. लागवड कलमांची, आणि कलम म्हणजे आमच्या भाषेत कॉपी-पेस्ट! एका झाडाला जो रोग बाधेल तो अख्ख्या बागेला बाधू शकतो. तेव्हा वेगळा गुण शोधायला त्या रानभावांकडेच जावं लागेल, आणि सेराडोचा माळ तर सोयाबीनसाठी नांगरला जातोय.