निर्धन रुग्णसेवा, महाराष्ट्रातील

आजारपणाचा खर्च स्वतः करू न शकणाऱ्या व्यक्तीस मिळणारे औषधोपचार व त्या खर्चाची व्यवस्था. हा भार कुटुंबाने, दात्याने, स्थानिक संस्थेने, मालकाने की शासनाने उचलावा, या प्रश्नाची महाराष्ट्रातील उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली. मात्र नवे उत्तर आल्याने जुने नाहीसे झाले नाही. त्यांचे थर एकावर एक साचत गेले.

इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने दरिद्री व्यक्तीच्या पोषणाची जबाबदारी तिच्या पॅरिशवर टाकली होती आणि त्यासाठी स्थानिक कर बसविण्याची तरतूद केली होती. ब्रिटिश राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानात असा कायदा केला नाही. येथे निराधारांचा सांभाळ कुटुंब, जात, धर्मसंस्था व दानशूर व्यक्ती करतात, असे गृहीत धरून त्यांनी शासकीय साहाय्य प्रामुख्याने दुष्काळापुरते मर्यादित ठेवले. त्यामुळे आधुनिक रुग्णालयांचा आरंभही दानातूनच झाला. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांनी दिलेली देणगी व तिला जोडून आलेला शासकीय वाटा यांतून मुंबईत जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयासह कार्यान्वित झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुले यांच्यासाठी १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. या पद्धतीत इमारतीचा खर्च दाता देई. तथापि डॉक्टर, परिचारिका, औषधे व आहार यांचा दरवर्षी येणारा खर्च एकदाच दिलेल्या देणगीतून भागत नसे. तो अखेर शासनाकडे येई. दान एकदा देऊन संपते, आजार मात्र संपत नाही, ही या व्यवस्थेची मूळ अडचण होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवली आणि या प्रश्नाला निराळे वळण लागले. गिरणी कामगारांच्या दाट वस्तीतील चाळींमध्ये रोग झपाट्याने फैलावला. गरिबाचा आजार हा त्याच्यापुरता राहत नाही, हे साथीने दाखवून दिले. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये घरझडती, सक्तीचे स्थलांतर व विलगीकरण यांचे व्यापक अधिकार शासनाने घेतले. ते राबविताना झालेल्या जुलमाचे पर्यवसान पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाले. याच साथीत सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांनी पुण्याजवळ पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली. त्यांनाच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले [→ प्लेग]. साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत नगर सुधारणा विश्वस्त मंडळ (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन होऊन रस्ते व घरे यांवर सार्वजनिक पैसा खर्च होऊ लागला. तथापि अस्वच्छ चाळी पाडल्याने बेघर झालेल्यांना नव्या घरांचे भाडे परवडतेच असे नाही. परिणामी सुधारणेच्या खर्चाचा एक भाग खुद्द गरिबांवरच पडला.

यानंतर नगरपालिकेची जबाबदारी वाढली. मुंबई महापालिकेने परळ येथे १९२६ मध्ये सुरू केलेले के. ई. एम. रुग्णालय हे तिचे ठळक उदाहरण. येथे कोकण, देश, विदर्भ अशा सर्व भागांतून रुग्ण येत राहिले. म्हणजेच मुंबईच्या करदात्याने साऱ्या प्रांताच्या रुग्णसेवेचा भार अंशतः उचलला. टाटा विश्वस्त निधीने १९४१ मध्ये सुरू केलेले टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. दानातून जन्मलेली संस्था कालांतराने शासनाच्या आश्रयास जाते, याचे हे निदर्शक होय.

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडले. ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये करांच्या आधारे सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. भारताने त्याच वर्षी केलेला कर्मचारी राज्य विमा कायदा मात्र संघटित कामगारांपुरता होता. त्यात मालक व कामगार या दोघांचीही वर्गणी असते. शेतमजूर, मच्छीमार, घरकामगार, नाक्यावरील बांधकाम मजूर हे या वर्तुळाबाहेर राहिले.

या मर्यादेचा प्रत्यय नवी मुंबईत येतो. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोच्या या नगरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. ठाणे खाडीलगतच्या या पट्ट्यात भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर आगरी व कोळी कुटुंबांची उपजीविका असे. कोपरखैरणेलगतचे बोनकोडे हे गावठाण याच पट्ट्यातील. आजारपणात गहाण टाकता येणारी जमीन व घरातले धान्य हाच अशा कुटुंबांचा विमा होता. जमिनीचा मोबदला एकदा हाती आला; तो विमा मात्र कायमचा गेला. ज्यांना ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत कायम नोकरी लाभली, ते कर्मचारी विम्याच्या छत्राखाली आले. इतरांना सार्वजनिक दवाखान्याचाच आधार राहिला. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका कार्यरत झाल्यावर प्राथमिक आरोग्याची जबाबदारी तिच्याकडे आली. दरम्यान अशा गावठाणांत भाड्याच्या खोल्यांतून राहणारा स्थलांतरित कामगारवर्ग वाढला.

खासगी विश्वस्त रुग्णालयांनाही या जबाबदारीत सामील करून घेण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने केला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यात १९८५ मध्ये ‘४१ कक’ हे कलम घालण्यात आले. जमीन, करसवलत इ. रूपांत शासकीय साहाय्य घेणाऱ्या रुग्णालयांनी काही खाटा गरिबांसाठी राखाव्यात, असा त्याचा आशय. अंमलबजावणी क्षीण राहिल्याने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले व न्यायालयाने २००६ मध्ये योजना मंजूर केली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्यावयाच्या असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे बंधनकारक आहे. म्हणजे ‘धर्मादाय’ या नावाखालील हा खर्च वस्तुतः तीन जण करतात : करसवलतीमुळे महसूल सोडणारे शासन, पूर्ण देयक भरणारा रुग्ण आणि रुग्णालय.

विमा हा यापुढील थर होय. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. तिचा हप्ता शासन भरू लागले. २०२३ मध्ये प्रतिकुटुंब वार्षिक संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ते सर्व रहिवाशांना देण्याचा निर्णय झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचारही निःशुल्क करण्यात आले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला.

तरीही दोन उणिवा उरतात. विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांना लागू पडतो. मधुमेह, रक्तदाब यांची रोजची औषधे, बुडालेली मजुरी व घरी करावी लागणारी शुश्रूषा यांची भरपाई तो करीत नाही. शुश्रूषेचा भार तर बहुधा घरातील स्त्रीवर पडतो व कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. दुसरे असे की, धर्मादाय खाटेसाठी उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. गावठाणात भाड्याने राहणाऱ्या स्थलांतरित मजुराजवळ नेमकी हीच कागदपत्रे नसतात. दानाच्या युगात गरिबाला दात्याच्या दयेवर विसंबावे लागे. हक्काच्या युगात त्याला आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागते. हा पुरावा मागण्याची गरजच उरणार नाही, इतकी सार्वजनिक सेवा सक्षम करणे, हेच या दीर्घ इतिहासातून निष्पन्न होणारे मुख्य कार्य होय.