सफरचंद, बर्फ आणि श्रेय

१/ घरी गोठवलेले सफरचंद बाहेर काढताच लिबलिबीत का होते? सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात आणि फळाच्या पेशी फाडतात.

२/ म्हणजे थंडीइतकाच वेगही महत्त्वाचा. लॅब्राडॉरच्या इन्युइट लोकांना हे अनुभवाने ठाऊक होते. हिवाळी वाऱ्यात त्यांचे मासे झटपट गोठत आणि महिन्यांनंतरही ताजे लागत.

३/ १९१२ नंतर तेथे राहिलेल्या अमेरिकी क्लॅरेन्स बर्ड्सआयने हे पाहिले आणि पुढे त्या तत्त्वावर यंत्रे उभारली. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या दुकानांत अशी गोठवलेली फळे, भाज्या व मासे आले.

४/ पेटंटे बर्ड्सआयच्या नावे झाली. ज्यांच्याकडून तो शिकला, ते अनामिक राहिले. फोडी लवकर गोठाव्यात म्हणून त्या पातळ चिरून एका थरात पसराल, तेव्हा त्यांचेही स्मरण असावे.