घर दाखवायची वेळ ठरली, पण एजंट आलाच नाही तर?

अमेरिकेत घरविक्रीत बहुतेक वेळा दोन एजंट असतात: एक विकणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याचा. घर दाखवण्याची वेळ दोघांना जुळवावी लागते. घरमालक अनेकदा त्याच घरात राहत असतो. तो आवराआवर करतो, कुत्र्याला घेऊन बाहेर पडतो. एजंट न कळवता आलाच नाही, तर ही सगळी धावपळ वाया जाते.

म्हणूनच ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’ या संघटनेने शिष्टाचारांची यादी केली आहे.

यादीत काय आहे?
- शक्य तितकी आधी वेळ ठरवा.
- उशीर होणार असेल किंवा भेट रद्द करायची असेल, तर फोन करा.
- ग्राहकाने ऐनवेळी घर बघायचं नाही असं ठरवलं, तर तेही लगेच कळवा.
- ग्राहकाला घरात एकटं सोडू नका.
- दिवे, पडदे होते तसेच ठेवून निघा.

हे पाळलं नाही तर कारवाई होते का?
नाही. संघटनेची आचारसंहिता १९१३ पासून आहे आणि ती सदस्यांवर बंधनकारक आहे. ही यादी मात्र ऐच्छिक आहे. तरीही ती पाळण्यात एजंटचंच हित आहे. आज ज्याला ताटकळत ठेवलं, उद्या त्याच्याच ग्राहकाला आपलं घर विकायची वेळ येऊ शकते.