धुरनिक्खेप : विनयातील स्थावराचा न्याय आणि बुद्धगयेचे दावे

बुद्धगयेच्या महाबोधी महाविहारासंबंधी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात विहार कोणाचा हा प्रश्न नेहमी अग्रभागी असतो. तो परत मिळावा म्हणून आजवर कोणकोणत्या न्यायासनापुढे जाणे झाले आणि तेथे नेमके काय मागितले गेले, याची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. आमच्या मते ती अधिक अगत्याची आहे. तिच्याकडे जाण्यापूर्वी वाचकांना विनयपिटकाकडे थोडे वळवावे लागेल, कारण हिरावलेल्या जमिनीचा आणि विहाराचा विचार तेथे अत्यंत सूक्ष्मपणे झालेला आहे.

दुसरे पाराजिक अदिन्नादानाचे आहे. त्याची निदानकथा राजगृहातील. धनिय नामक कुंभकारपुत्र भिक्खूने राजा बिंबिसाराची राखीव लाकडे नेली व राज्याभिषेकसमयी राजाने श्रमणब्राह्मणांना तृण, काष्ठ, उदक दिल्याच्या घोषणेचा आधार सांगितला. ती घोषणा अरण्यातील, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंपुरती होती, असे राजाने बजावले आणि त्याला सोडून दिले. यानंतर तथागतांनी, पूर्वी राजाचा न्यायाधिकारी असलेल्या एका भिक्खूला विचारले, की किती मोलाच्या चोरीबद्दल राजा दंड करतो? पाद, असे उत्तर मिळाले. पाद म्हणजे तेव्हाच्या राजगृहात पाच मासक. संघाचा नियम ठरविताना राज्याच्या चालू कायद्याची अशी विचारणा व्हावी, ही गोष्ट आमच्या अभ्यासकांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

जंगम वस्तूच्या बाबतीत मोजमाप सोपे आहे. चौर्यचित्ताने वस्तूला स्पर्श केला तर दुक्कट, ती हलविली तर थुल्लच्चय, जागेवरून ढळविली तर पाराजिक. परंतु आराम, विहार, शेत, वास्तू ही जागेवरून ढळत नाहीत. मग त्यांची चोरी पूर्ण कधी झाली म्हणावयाची? विनयाचे उत्तर असे, की ती मालकाच्या मनात पूर्ण होते. दुसऱ्याच्या आरामावर खोटा हक्क सांगणे हे दुक्कट. मालकाच्या मनात आपल्या हक्काविषयी शंका उत्पन्न करणे हे थुल्लच्चय. ‘हे आता माझे राहणार नाही’ असे म्हणून मालकाने धुरनिक्खेप केला, म्हणजे जू खाली ठेवले, की पाराजिक. न्यायासनापुढे जाऊन मालकाला हरविले तरी पाराजिकच. स्वतः हरला तर थुल्लच्चय. निकाल आपल्या बाजूने लागला एवढ्याने घेणारा निर्दोष ठरत नाही. पाचव्या शतकात अनुराधपुरास रचल्या गेलेल्या समन्तपासादिकेत आचार्य बुद्धघोषांनी अशा जयाचा अर्थ उलगडताना न्यायाधिकाऱ्यांना दिलेली लाच आणि उभे केलेले खोटे साक्षीदार यांचा स्पष्ट निर्देश केला आहे.

याच अट्ठकथेत विहारासंबंधी एक विलक्षण निर्णय आहे. चातुद्दिस संघाला, म्हणजे चारी दिशांच्या संघाला, दिलेला विहार लहान असो वा मोठा, त्याच्यावर सांगितलेला दावा लागूच पडत नाही आणि तो हिसकावूनही घेता येत नाही. कारण चारी दिशांचे सर्व भिक्खू मिळून कधीच धुरनिक्खेप करीत नाहीत. एका व्यक्तीच्या किंवा एखाद्या गणाच्या विहाराची गोष्ट निराळी. त्यांना थकवून जू खाली ठेवावयास लावता येते.

येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. विनय भिक्खूची आपत्ती ठरवितो. तो मालकीचा दिवाणी कायदा नव्हे, आणि कोणत्याही आधुनिक न्यायालयावर तो बंधनकारक नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते दोन विचारपद्धतींमधील अंतर. इंग्रजी अमलात १८७७ च्या मुदतीच्या कायद्याने स्थावराचा ताबा मागण्यास सामान्यतः बारा वर्षे दिली होती. ती उलटली की मालकाचा हक्कच नष्ट होई. तेथे घड्याळ मोजले जाते, येथे मन मोजले जाते. सार्वजनिक धार्मिक न्यासाच्या बाबतीत मात्र त्या काळीही एक वेगळी वाट होती : १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३९ नुसार हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना अ‍ॅडव्होकेट जनरलच्या संमतीने दावा लावता येत असे.

आता बुद्धगया. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे शैव गिरी संन्याशांचा मठ होता व पुढे विहार त्यांच्या ताब्यात आला. परंतु बौद्धांनी जू कधी खाली ठेवले होते काय? तेराव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या राजाने जीर्णोद्धार केल्याचा शिलालेख तेथेच सापडला आहे, आणि १८७० नंतरच्या दशकात राजा मिंडोनने पुन्हा माणसे धाडली. १८८० ते १८८४ या काळात कनिंगहॅम व बेगलर यांच्या देखरेखीखाली सरकारने दुरुस्ती केली. अनागारिक धर्मपाल जानेवारी १८९१ मध्ये आले व त्याच वर्षी ३१ मे रोजी महाबोधी सोसायटी स्थापन झाली.

२५ फेब्रुवारी १८९५ रोजी धर्मपालांनी जपानी बौद्धांनी दिलेली बुद्धमूर्ती विहाराच्या वरच्या मजल्यावर ठेवली. महंतांच्या माणसांनी ती काढून खाली आणली. धर्मपाल फौजदारी न्यायालयात गेले. गयेचे मॅजिस्ट्रेट मॅकफर्सन यांनी तिघांना उपासनेत अडथळा आणल्याबद्दल, म्हणजे दंडसंहितेच्या कलम २९६ खाली, दोषी ठरविले. सत्र न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. ऑगस्टमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. (त्या खंडपीठातील एक न्यायमूर्तीही मॅकफर्सनच होते, दोघांचा घोटाळा करू नये.) या खटल्याचे वर्णन आपल्याकडे ‘विहार हरलो’ अशा शब्दांत केले जाते. ते बरोबर नाही. फौजदारी न्यायालय अपराध झाला की नाही एवढेच ठरविते. अपराध शाबीत झाला असता तर तिघे तुरुंगात गेले असते, विहार महंतांकडेच राहिला असता. मालकीचा दावा तेथे नव्हताच. कलम ५३९ ची वाट यशस्वी झाली असती असे आम्ही म्हणत नाही. परंतु मूर्तीचा अवमान आणि विहाराची मालकी हे दोन प्रश्न त्या दिवसापासून एकमेकांत गुंतले.

दिवाणी दरवाजा ठोठावला तो महंतांनी. १९०६ मध्ये त्यांनी धर्मपालांना तेथील बर्मी विश्रामगृहातून काढण्यासाठी दावा लावला. तो त्यांच्या बाजूने लागला आणि १९१० मध्ये धर्मपालांना जागा सोडावी लागली. विनयाच्या भाषेत हे विमती उत्पन्न करणे होय : ताब्याचा प्रत्येक निकाल हळूहळू मालकीचा पुरावा म्हणून बोलला जाऊ लागतो आणि मूळ मालकच स्वतःला पाहुणा समजू लागतो.

तिसरा उपाय विधिमंडळाचा. १९४९ च्या बुद्धगया मंदिर अधिनियमाने व्यवस्थापन महंतांकडून काढून समितीकडे सोपविले. चार बौद्ध, महंतांसह चार हिंदू आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी. तो हिंदू नसेल तर सरकारने हिंदू अध्यक्ष नेमावा, अशी तरतूद होती. २८ मे १९५३ रोजी, वैशाख पौर्णिमेस, ताबा समितीकडे आला. हिंदू अध्यक्षाची अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली. समितीची घडण तशीच राहिली. या कायद्याने काही परत केले असे म्हणणे आम्हाला जमत नाही. हिरावलेली वस्तू अर्धी वाटून घेण्याला विनयात नाव नाही. महंतांचा एकछत्री ताबा मात्र त्याने संपविला, हे मान्य केले पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले, त्याने चातुद्दिस या शब्दात भारतातील लक्षावधी माणसांची भर पडली. १९९२ मध्ये भदंत सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली निघालेले आंदोलन, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बुद्धगयेत सुरू झालेले उपोषण, यांतून निदान एवढे दिसते की जू खाली ठेवलेले नाही.

१९९१ चा प्रार्थनास्थळ अधिनियम आता वाट अडवितो, असे पुष्कळजण म्हणतात. तो १५ ऑगस्ट १९४७ रोजी असलेले स्थळाचे धार्मिक स्वरूप राखण्यास सांगतो. परंतु स्वरूप आणि व्यवस्थापन या भिन्न गोष्टी आहेत. ताबा महंतांचा असतानाही विहाराचे स्वरूप बौद्धच होते. म्हणून मागणी १९४९ च्या अधिनियमावर रोखलेली असावी, आणि तिचा आधार संविधानाच्या अनुच्छेद २६ मधील, धार्मिक संप्रदायाने आपले धर्मविषयक व्यवहार स्वतः पाहण्याच्या हक्कात शोधावा, असे आम्हाला वाटते. ३० जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमासंबंधीची एक याचिका थेट ऐकण्यास नकार दिला आणि अर्जदारास उच्च न्यायालयाकडे जाण्याची मोकळीक ठेवली. नवा अर्ज लिहिणाऱ्यांनी १८९५ ची कागदपत्रे समोर ठेवावीत, आणि मूर्ती, उपासना, व्यवस्थापन व मालकी यांपैकी आपण काय मागत आहोत हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे.